ऑरिनने न उचललेलं पेन

स्टोर्डाल गावात आर्डिस हॉवलँडइतकी रंगवून गोष्ट सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. तिची कुठलीही गोष्ट जशीच्या तशी घडलेली नसते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अमेरिकेतलं हे गाव नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या पणतवंडांचं. माणसं इतकी मितभाषी की गोठ्याला आग लागली तरी शेजाऱ्याकडे जाऊन आधी हवेचं विचारतील आणि मग म्हणतील, तुमचा पाण्याचा पाइप मोकळा असेल तर बरं होईल. अशा गावाला एक बोलकी बाई लागतेच. तिच्या तोंडून सगळ्यांचं बोलून होतं.

आर्डिसला हे लहानपणीच कळलं होतं. तिचे वडील दिवसाकाठी जेवढं बोलत त्यातलं निम्मं गाईंशी असे. एकदा गोठ्यात तिने पाद्रीबाबांची नक्कल केली, प्रवचनात मध्येच नाक शिंकरण्यासकट, आणि वडील दुधाची बादली खाली ठेवून हसले. तिने त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. पाद्रीबाबा खरं तर नाक शिंकरत नसत, ती भर तिची. पण हसू आलं ते त्या भरीलाच, हे पोरीने बरोबर टिपलं. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात तिने जन्म काढला. जेवण काही फार बरं नसे. मास्तर आणि पोरं खिडकीशी घुटमळत ती गोष्टींसाठी. नवरा लाइल तिच्या वडिलांसारखाच मुका, पण तिच्याकडे बघत बसायला त्याला आवडे. तो गेला, मुलगा अॅरिझोनात स्थिरावला, आणि आर्डिसकडे गोष्टी तेवढ्या राहिल्या.

ऑरिन स्कार हा लाइलचा मावसभाऊ. त्याने आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला. रोज सकाळी प्रत्येक शेतावर जायचं, दूध भरायचं, डेअरीत पोचवायचं. मग लहान शेतकऱ्यांनी गाई विकल्या, डेअरी बंद पडली, ऑरिनची बायकोही वारली. तरी हा माणूस सकाळी उठून आपल्या जुन्या पिकअपमधून त्याच रस्त्यांनी जातच राहिला. सवय. कुणाची औषधं आण, कुणाची अंडी पोचव, कुणाचा चष्मा दुरुस्तीला ने. गावातलं टपाल कार्यालय बंद झाल्यावर पत्रंही तोच नेऊ लागला, आणि निवडणूक आली की मतपत्रिकासुद्धा.

तिकडे ज्यांना मतदान केंद्रापर्यंत जाणं जमत नाही त्यांना मतपत्रिका घरी येते. खूण करायची, पाकिटात घालायची, वर सही करायची, समोर बसलेल्या साक्षीदारानेही सही करायची आणि पाकीट वेळेत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत पोचवायचं. टपालाने पाठवलं तर ते आधी दूरच्या शहरात जाऊन तिथून उलटं येतं. एका वर्षी व्हायोला नेशाइमबाईंचं पाकीट असंच फिरत राहिलं आणि मोजणी होऊन गेल्यावर पोचलं. तेव्हापासून शेतांवर एकटी राहणारी म्हातारी माणसं बंद पाकीट ऑरिनच्या हाती देत. तो ते शेजारच्या सीटवर टोपीखाली ठेवून थेट कचेरीत नेऊन देई. त्यात काही गैर आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ते गैर नव्हतंही.

अशाच एका सकाळी आर्डिस व्हायोलाबाईंकडे बटाट्याच्या पोळ्या लाटायला गेली होती. व्हायोलाबाई नव्वदीच्या, ताठ, एके काळच्या चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या आर्डिसच्या बाई. ऑरिन आला, साक्षीदार म्हणून टेबलाशी बसला. बाईंनी मतपत्रिका उघडताच त्याने खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं. काउंटीच्या जागेसाठी दोन उमेदवार होते. बाईंनी खूप वेळ घेतला. दोघांचेही बाप त्यांना माहीत होते आणि दोघेही बाप त्यांना पसंत नव्हते. ऑरिनची कॉफी गार झाली. त्याने मान वळवली नाही, एक शब्द काढला नाही. पाकीट चिकटवल्यावर सही केली आणि गेला. घडलं ते एवढंच, आणि एवढ्यात गोष्ट होत नाही.

ती झाली शरद ऋतूतल्या चर्चच्या जेवणात. तळघरात लांब टेबलं मांडलेली, सोड्याच्या पाण्यात भिजवून थलथलीत केलेला मासा, वर वितळलेलं लोणी. मनापासून तो कुणालाच आवडत नाही. आजोबा खात होते म्हणून सगळे खातात. आर्डिस कॉफी वाढत फिरत होती. एका टेबलाला त्या भागाचे आमदार ब्रेंट डालगार्ड बसले होते, शेजारी चर्चच्या सध्याच्या पाद्रीबाई. आमदार तरुण, विम्याचा धंदा करणारे, स्वभावाने बरे, सगळ्यांच्या ताटाकडे बघून चौकशी करणारे. निवडणुका सुरक्षित हव्यात असं काहीसं त्यांचं चाललं होतं. टेबल पेंगुळलं होतं. आर्डिसला पेंगुळलेलं टेबल बघवत नसे.

मग तिने ती सकाळ सांगितली. व्हायोलाबाईंचं नाव घेतलं नाही, ऑरिनचंही नाही. आमचा दूधवाला म्हणाली. म्हातारीचं ठरत नाही, बाहेर पिकअपचं इंजिन धडधडतंय. दूधवाला म्हणतो, बाई, नॉर्वेजियन नाव बघा आणि खूण करा, माझी गाडी गारठतेय. म्हातारी चष्मा लावून बघते तर दोन्ही नावं नॉर्वेजियन. शेवटी दूधवाला वैतागून तिच्या हातातलं पेन घेतो, नावापुढचा गोल स्वतःच भरतो आणि म्हणतो, झालं, आता कॉफी आणा.

टेबल खदखदून हसलं. हॅरॉल्ड, चक्कीवरचा, हसता हसता मासा गिळायचा विसरला. डालगार्ड डोळे पुसत होते. मग त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं, "मिसेस हॉवलँड, हे खरंच घडलंय?"

आता, त्या तळघरात असा प्रश्न कुणी कधी विचारत नाही. गोष्ट खरी का असं विचारणं म्हणजे यजमानिणीला केक विकतचा का विचारण्यासारखं. आर्डिस किटली हातात धरून उभी राहिली. नाही म्हणावं तर पाहुण्याची फजिती, आपली फजिती, शेजारी पाद्रीबाई.

"हो तर," ती म्हणाली. आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

हिवाळ्यात राज्याच्या विधानसभेत नव्या विधेयकावर चर्चा झाली. त्यात सगळंच वाईट होतं असं म्हणणाऱ्याने ते वाचलेलं नसणार. मतपेट्यांवर कॅमेरे, साक्षीदाराने स्वतःचा पूर्ण पत्ता लिहिणं, पाकिटांची नीट नोंद, यात कुणाचं काय बिघडत होतं? पण एक कलम असं होतं की घरच्या माणसाखेरीज कुणीही दुसऱ्याची मतपत्रिका नेऊ नये. नेली तर गुन्हा. त्या कलमावर आमदार डालगार्ड उभे राहिले आणि म्हणाले की आमच्या भागात एका दूधवाल्याने नव्वद वर्षांच्या विधवेच्या हातातून पेन काढून घेऊन तिचं मत स्वतः भरलं. पेपरात ते चौकटीत आलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तळघरातलं हसू काढून घेतल्यावर जे उरलं ते एका माणसाने एका म्हातारीचं मत चोरलं एवढंच होतं. आर्डिसने ते सिंकपाशी उभ्याने वाचलं आणि खुर्ची शोधली.

त्या टापूत टँकर चालवणारा दुसरा कुणी नव्हताच.

कुणीही काही बोललं नाही. मार्चमध्ये शाळेच्या मंडळाची निवडणूक होती. ऑरिन नेहमीप्रमाणे फेरीला निघाला, तर पहिल्या शेतावर त्याला सांगण्यात आलं की यंदा पाकीट टपालात टाकलंय. दुसरीकडे सुनेने नेलं होतं. तिसरीकडे अंडी दिली, औषधाची चिठ्ठी दिली आणि पाकिटाचा विषय निघालाच नाही. ऑरिन प्रत्येक ठिकाणी म्हणाला, बरं झालं मग. कॅफेत त्याच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. मुद्दाम कुणी केलं असंही म्हणता येत नव्हतं. फक्त व्हायोलाबाईंनी त्याला पूर्वीसारखं बोलावलं, समोर बसवलं आणि पाकीट हातात दिलं. पण त्या बोलायला गावात येत नसत.

आर्डिसने काय करावं? तिने हॉटडिश केली. खिमा, मटार, वर बटाटा, भट्टीतून काढली ती गरम गरम ऑरिनच्या दारात नेऊन ठेवली. तिकडे माफी मागत नाहीत, भांडं घेऊन जातात. त्याने आभार मानले, हवा निवळेल असं म्हणाला, आणि दोन दिवसांनी भांडं घासूनपुसून परत आणून दिलं. मग तिने खजुराच्या वड्या नेल्या. तेही भांडं परत आलं. मग पुन्हा हॉटडिश. ऑरिनचं पोट सुटलं, आर्डिसची झोप उडाली आणि भांडं दोन घरांमध्ये येरझारा घालत राहिलं. तो एकदा तरी म्हणेल, आर्डिस, तू असं का केलंस, म्हणून ती दारात जरा जास्त वेळ उभी राही. तो म्हणे, आत ये ना, गारठशील. ती पळून येई. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे तिला सोसेना.

एप्रिलच्या तोंडाशी डालगार्डांचा फोन आला. विधेयक आता सिनेटच्या, म्हणजे राज्याच्या वरच्या सभागृहाच्या, समितीपुढे होतं, तिथे लोकांना आपलं म्हणणं मांडता येतं. तुम्ही याल का, त्यांनी विचारलं. चर्चमध्ये सांगितलंत तसंच सांगा, लोकांपर्यंत पोचतं ते. आर्डिसच्या तोंडावर आलं होतं की अहो, ते खोटं होतं. पण फोनवर सांगितलेली गोष्ट फोनवरच मेली असती आणि पेपरातली चौकट तशीच राहिली असती. जिथे ते खोटं कामाला लावलं गेलं तिथेच जाऊन ते मोडायचं, असं तिने ठरवलं. येते म्हणाली. खरं सांगायचं तर या ठरवण्यात तिला थोडं बरंही वाटलं. सगळ्यांसमोर उभं राहून ऑरिन स्कारचं नाव घ्यायचं, तो कसा माणूस आहे हे सांगायचं, आणि मोकळं व्हायचं. मोकळं व्हायची घाई झालेलं माणूस कुणाला तुडवतंय ते बघत नाही.

अडचण गाडीची होती. बर्फ पुन्हा पडलं होतं, राजधानी लांब, आणि तिच्या डोळ्यांना आता हमरस्ता झेपत नसे. तिने चक्कीवर सहज विचारलं की त्या दिवशी कुणी तिकडे जाणार आहे का. संध्याकाळी ऑरिनचा फोन. मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच आहे, म्हणाला, सकाळी उचलतो तुला. ऑरिनचे डोळे घारीसारखे होते. नाही म्हणायला तिला कारण सुचेना. जन्मात पहिल्यांदा काहीच सुचेना.

अर्धा रस्ता दोघं हवेबद्दल बोलली. ओल यंदा बरी आहे. पेरणीला उशीर होईल. पेट्रोल भरायला थांबली तेव्हा त्याने तिच्यासाठीही कॉफी आणली, साखर न घालता, तिला लागते तशी. त्या कागदी पेल्याने तिचा धीर सुटला.

"ऑरिन, मी तिथे कशाला चाललेय ठाऊक आहे तुला?"

"अंदाज आहे."

"ते पेनाचं मी घातलं पदरचं. तू पेनाला हात लावला नव्हतास."

"माहितीय मला," तो म्हणाला. "मी होतो की तिथे."

तिला रडू यायला हवं होतं, पण तो हे इतक्या सरळपणे म्हणाला की तेही आलं नाही. मग भडाभडा बोलली. आज सगळ्यांसमोर सांगणार आहे, म्हणाली, की ऑरिन स्कारने कधी कुणाच्या—

"नाव नको घेऊस."

"अरे, नाव घेतल्याशिवाय तुझ्यावरचा डाग कसा जाणार?"

 पुढे एक बर्फ काढणारी गाडी चालली होती, तिला ओलांडायची त्याला घाई नव्हती.

"पेपरात नुसता दूधवाला आहे," तो म्हणाला. "तू बोललीस की ऑरिन स्कार होईल. मग टीव्हीवाले येतील, दारात उभे राहतील. मी काय करू त्यांचं? कॉफी देऊ?"

"पण गावातले लोक तुला काय समजतायत!"

"काय समजतात ते कुणी बोललेलं नाही. बोललं नाही तोवर गावात राहता येतं. तू तिथे नाव घेतलंस की सगळ्यांना बोलावं लागेल. हॅरॉल्ड येईल माझी माफी मागायला. हॅरॉल्ड, आर्डिस. चक्कीच्या पायरीवर उभा राहून, टोपी हातात घेऊन." त्याने मान हलवली. "ते मला बघवायचं नाही."

"मग मी तिथे जाऊन सांगू काय?"

"ते तू बघ. तुला येतात गोष्टी."

हा टोमणा होता की नुसतं खरं, ते तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तो चेहरा कधीच काही कळू देत नसे.

समितीची खोली अपेक्षेपेक्षा लहान निघाली. आर्डिस पुढच्या बाकावर बसली, ऑरिन डॉक्टरकडे न जाता सर्वांत मागे, टोपी गुडघ्यावर ठेवून. तिचं नाव पुकारलं गेलं. शपथ वगैरे नव्हती, नाव आणि गाव सांगून बोलायचं. पण देवाला काय शपथ लागते? डालगार्डांनी तिची ओळख करून दिली आणि मायक्रोफोन तिच्याकडे सरकवला.

खरं ते सांगितलं तर नाव आलंच असतं. असा एक माणूस आहे, त्याने असं केलं नाही, एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न, कोण माणूस? आणि राज्यभर ऐकू जाईल अशा त्या मायक्रोफोनवर तिला त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तिने मागे पाहिलं. ऑरिन टोपीकडे बघत होता.

"ती गोष्ट मी रचली," आर्डिस म्हणाली. "चर्चच्या जेवणात लोक हसावेत म्हणून. पेनही रचलं आणि तो दूधवालाही मीच रचला. आमदारसाहेबांनी विचारलं खरं का, तर मी हो म्हणाले. ते खोटं होतं."

खोलीत खुर्च्या करकरल्या. डालगार्डांची मान कॉलरपासून वर लाल होत गेली. त्यांची तिला दया आली. त्या बिचाऱ्याने विचारून घेतलं होतं. विधेयकाच्या विरोधातल्या एका सिनेटरबाईंना मात्र आनंद झाला, आणि त्यांनी आनंदातच विचारलं, "म्हणजे तुमच्या भागात दुसऱ्यांची मतपाकिटं गोळा करून नेणारा असा कुणी माणूस नाही?"

"नाही, बाई," आर्डिस म्हणाली. "असा कुणी माणूस नाही."

सिनेटरबाई म्हणाल्या, पाहा, गैरप्रकारच नाही तर कायदा कशाला. डालगार्ड सावरले. माणूस मूर्ख नव्हता. ते म्हणाले की मी दिलगीर आहे, ते उदाहरण मागे घेतो. पण आताच आपण ऐकलं की खेड्यांत अशी पाकिटं नेणारं कुणी नाही. मग या कलमाने कुणाचीच अडचण होणार नाही. आम्हाला सांगितलं जात होतं की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं अशा मदतीवाचून अडेल. या बाई तिथेच राहतात, त्यांना असा मदत करणारा माहीत नाही.

अध्यक्षांनी मान डोलावून ते टिपून घेतलं. आर्डिस अजून मायक्रोफोनसमोर उभी होती. तिने तोंड उघडलं. धन्यवाद, मिसेस हॉवलँड, अध्यक्ष म्हणाले, आणि पुढचं नाव पुकारलं.

परतताना ऑरिनने हीटर तिच्या बाजूला वळवला. "तर मी नाहीच," तो म्हणाला.

"ऑरिन—"

"बरं केलंस. सोपं झालं." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "ते शेवटचं मात्र वाईट झालं. व्हायोलाबाईंचं अडेल आता."



विधेयक वसंतात मंजूर झालं. ते आर्डिसमुळे झालं असं नव्हे, मतं आधीच मोजून ठेवलेली होती. हे तिला पाद्रीबाईंनी समजावलं, मुलाने फोनवरून समजावलं. तिला समजतही होतं. पण पहिल्या खेपेला आपण एका माणसाला त्याने न केलेलं पाप चिकटवलं आणि दुसऱ्या खेपेला त्याने केलेलं पुण्य पुसून टाकलं, हा हिशेब कुणी समजावून मिटणारा नव्हता. गावाने तिच्याबद्दलही काही म्हटलं नाही. कॅफेतल्या रिकाम्या खुर्च्या ऑरिनच्या शेजारून हळूहळू तिच्या शेजारी सरकल्या एवढंच. ऑरिनची जागा त्याला परत मिळाली. पाकिटं काही परत मिळाली नाहीत, आता कायदाच होता. त्या वर्षी चर्चच्या जेवणाला कॉफी वाढायला दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं गेलं.

बोलल्या त्या फक्त व्हायोलाबाई. त्या भिंग धरून पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यांनी फोन केला.

"आर्डिस, तू तिथे सांगितलंस, असा कुणी माणूस नाही."

"हो, व्हायोलाबाई."

"मग माझ्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं कॉफी कोण पीत होतं?"

आर्डिसने सगळं सांगितलं. तळघर, पेन, पिकअप, ऑरिनने काय मागितलं तेही. काही वाढवलं नाही, काही खुलवलं नाही. इतकी कोरडी गोष्ट तिने उभ्या जन्मात कुणाला सांगितली नव्हती. 

"तो म्हणणारच नाव घेऊ नको," व्हायोलाबाई म्हणाल्या. "ऑरिन आहे तो. तुला तर अक्कल होती?" आणि फोन ठेवला.

नोव्हेंबरात मोठी निवडणूक आली. व्हायोलाबाईंनी घरपोच मतपत्रिका मागवलीच नाही. टपालावर त्यांचा विश्वास नव्हता, घरात दुसरं माणूस नव्हतं. मतदान गावातल्या सभागृहात होतं. आर्डिस रांगेत दाराजवळ उभी होती तेव्हा ऑरिनची पिकअप आली. मतपत्रिका नेऊ नये असं कायदा सांगत होता. मतदाराला नेऊ नये असं कुठे म्हटलं नव्हतं. ऑरिनने दुधाचा एक जुना खोका पायरीसारखा खाली ठेवला, बाईंना कमरेला धरून उतरवलं, चाकाच्या खुर्चीत बसवलं, वर घोंगडी घातली. थंडीने त्यांचे ओठ निळे पडले होते. सगळी रांग बघत होती. बाईंना तेच हवं होतं असं आर्डिसला वाटलं, आणि त्यासाठी त्यांनी नव्वदीत ही थंडी अंगावर घेतली होती.

खुर्ची उंबरठ्याला अडली. आर्डिसने पटकन पुढे होऊन एका हाताने दार धरलं आणि दुसऱ्याने खुर्चीचा दांडा.

"तू राहू दे," व्हायोलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ऑरिनला येतं ते."

ऑरिनच्या कानशिलांवर रक्त चढलं. त्याचं नाव असं भर गर्दीत घेतलेलं त्याला अजिबात आवडलं नव्हतं. त्याने खुर्ची मागे कलती केली आणि आत नेली. हॅरॉल्डने टोपी काढली, मग काढून काय करायचं ते न कळून पुन्हा घातली. आर्डिसने दांड्यावरचा हात काढला होता. दार तिने तसंच धरून ठेवलं. गार वारा आत शिरत होता, रांगेतली माणसं कोटाच्या कॉलर वर करत होती, आणि दार लाव म्हणून तिला कुणी सांगितलं नाही.